साडूंची फुलं

माणसाने साडूशी स्पर्धा करू नये, असं जाणती माणसं सांगतात. या जाणत्या माणसांना बहुधा साडू नसावा, किंवा असलाच तर तो दातांचा डॉक्टर नसावा. माझे साडू दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्यासमोर लोक आपणहून तोंड उघडतात आणि जाताना आभार मानतात. मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. म्हणजे आपलं नुकसान झालं असं लोक म्हणतात आणि तसं काही झालेलं नाही असं मी म्हणतो. समाजाला दोघांचीही गरज आहे, पण सासुरवाडीत वजन कोणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको.

तरीही इतकी वर्षं मी निभावून नेलं होतं. साडूंनी मोठी गाडी घेतली तेव्हा चालण्याचे फायदे मी सगळ्यांना समजावून सांगितले. ते पोहायला शिकले तेव्हा त्या तलावाच्या पाण्याबद्दल दोन-चार गोष्टी सहज म्हणून कानावर घातल्या. पण गेल्या वर्षी ते मागावर विणायला शिकले आणि माझा तोल गेला.

माग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर खोलीभर पसरलेलं धूड आणि कान किटवणारा खडखडाट येतो. साडूंचा माग तसला नव्हे. टेबलावर मावणारी एक लाकडी चौकट, पुढे एक रूळ, मागे एक रूळ, मध्ये खाचा आणि भोकं असलेली एक फणी. फणी वर केली की अर्धे उभे धागे वर, खाली केली की तेच खाली. मधल्या फटीतून आडवा धागा सारायचा आणि फणीनेच तो ठोकून बसवायचा. पण एवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले? त्यांनी म्हणे एका पातळ पट्टीने मोजके धागे उचलून, त्यातून रंगीत सूत घालून, कापडात फुलं काढली आणि तो रनर, म्हणजे टेबलाच्या मधोमध घालायचं लांबट कापड, सासूबाईंना दिला.

ही बातमी मला जेवताना कळली. बायको माहेरून आली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी आमच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "भावजींनी स्वतःच्या हाताने विणलंय हो. बोट लावलं तर पाकळी हलेल असं वाटतं." त्यानंतर मी काय जेवलो ते मला आठवत नाही.

मला मत्सर वाटला. उगाच शब्द फिरवण्यात अर्थ नाही. काही लोक अशा वेळी 'प्रेरणा मिळाली' असं म्हणतात, पण प्रेरणेने पोटात दुखत नाही. हिने आयुष्यात एकदा, फक्त एकदा, चारचौघांत माझ्याविषयी त्या सुरात बोलावं एवढीच माझी मागणी होती. शिवाय त्या चारचौघांत साडू असावेत.

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंची औषधं पोचवायच्या निमित्ताने मी एकटाच त्यांच्याकडे गेलो आणि तो रनर पाहिला. पाहिला म्हणजे, पाहतच राहिलो. टेबलाच्या मधोमध तो पसरला होता आणि त्यावर फूल म्हणून काही नव्हतं. लाल-पिवळ्या धाग्यांची गुंतागुंत होती. ठिकठिकाणी गाठी होत्या. एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे लोंबते धागे गेले होते आणि मध्येच सुताची टोकं झुरळाच्या मिशांसारखी वर आली होती. मी सासूबाईंना सावधपणे म्हणालो, "फुलं छान आहेत." त्या म्हणाल्या, "नुसतं बघत बसावंसं वाटतं." त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. मी वाकून पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. फूल काही उमललं नाही.

अशा वेळी साध्या माणसाने 'मला यात फूल दिसत नाही' असं म्हणून टाकलं असतं. पण साडूंची कला आपल्याला कळत नाही, हे साडूंच्या सासूसमोर कबूल करायचं? त्या माझ्याही सासूबाई आहेत ही गोष्ट वेगळी. मी मनाशी ठरवलं की ही नव्या पद्धतीची कला असणार. साडू परिषदांना जातात, तिथे हल्ली हे चालत असेल. आणि एकदा हे ठरल्यावर मला मोठा धीर आला. खरी फुलं मला सात जन्मांत जमली नसती, पण असला गुंता मी नक्की करू शकत होतो. गुंता करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे माझे साहेबसुद्धा मान्य करतात.

मी माग मागवला. तो सुट्या भागांत आला आणि जोडताना दोन स्क्रू उरले. घरात कोणाला पत्ता लागू नये म्हणून तो मी मागच्या लहान खोलीत ठेवला आणि बायकोला सांगितलं की ऑफिसचं गोपनीय काम आहे, कोणी आत यायचं नाही. ती म्हणाली, बरं झालं, तिथला पंखाही पुसायचा राहिलाय, तेवढा पुसून घ्या.

आता मागावर उभे धागे चढवायचे तर आधी ते लांबच लांब ताणावे लागतात. एका टोकाला माग, दुसऱ्या टोकाला एक खुंटी, आणि खुंटीला वळसा घालून प्रत्येक धागा परत मागाकडे आणायचा. कापड जेवढं लांब हवं त्याहून जास्तच अंतर लागतं. साडूंच्या दिवाणखान्यात दोन माग आणि चार खुंट्या मावतील. माझ्या मागच्या खोलीत हात ताणला तर आळस पूर्ण होत नाही. म्हणून बायको बाहेर गेलेली पाहून मी माग आमच्या दाराशी मांडला, दार उघडलं आणि खुंटी जिन्याच्या कठड्याला बांधली. धागे सुंदर ताणले गेले. जिन्यावरची ये-जाही सुंदर बंद झाली.

समोरच्या दारातून निवृत्त इंजिनियर बाहेर पडले आणि पोटापाशी धागे लागल्यावर थांबले. हे गृहस्थ आयुष्यभर पूल बांधत होते आणि ताण या विषयावर त्यांना आम्हा सर्वांपेक्षा जास्त बोलता येतं. त्यांनी धाग्याला टिचकी मारून पाहिली आणि ताण असमान असल्याचं जाहीर केलं. मग ते स्वतःच खुंटी ओढायला लागले. वरून सोसायटीचे सेक्रेटरी उतरत होते. सेक्रेटरींना खाली बँकेत जायचं होतं आणि बँक बंद व्हायला आली होती. आधी ते धाग्यांखालून जाऊ पाहत होते, मग त्यांनी विचार बदलून पाय वर टाकला. अर्ध्यावर असताना इंजिनियरांनी ताण समान केला. पुढचं वर्णन मी सेक्रेटरींच्या वयाकडे बघून करत नाही.

संध्याकाळी सोसायटीची नोटीस आली. निवासी इमारतीत कापडाचा कारखाना सुरू केल्याबद्दल खुलासा करावा, असं त्यात होतं. मी खुलासा केला. खुलाशावर त्यांनी पाहणी ठेवली. पाहणीला सेक्रेटरी, खजिनदार आणि तज्ज्ञ म्हणून इंजिनियर आले. दुर्दैवाने त्या वेळी बायको घरात होती, त्यामुळे ऑफिसचं गोपनीय काम तिच्यासमोरच उघडं पडलं. सेक्रेटरींनी मागाकडे पाहिलं आणि बाकीचा कारखाना कुठे आहे असं विचारलं. हा एवढाच, असं मी म्हणालो. कामगार किती? मी एक. पाळ्या किती? संध्याकाळची एक, तीही साहेबांनी वेळेवर सोडलं तर. खजिनदारांना विजेचं कनेक्शन बघायचं होतं. ते मागाखाली बराच वेळ वायर शोधत होते आणि ती न सापडल्यामुळे त्यांचा संशय वाढला. शेवटी समितीने अशी सूट दिली की विणायला हरकत नाही, मात्र सूत ताणायचं झाल्यास शेजाऱ्याची लेखी ना-हरकत घ्यावी. इंजिनियरांनी ती लगेच दिली, फक्त ताण त्यांनी तपासायचा या अटीवर.

बायकोने त्या दिवशी मला काहीच विचारलं नाही. फक्त झोपताना म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर मी दोरे धरायला बसले असते." हे ऐकून खरं तर मी विरघळायला हवं होतं. पण साडूंचे दोरे ताई, म्हणजे हिची थोरली बहीण, धरत असतील का, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि विरघळायचं राहून गेलं. मी तिला फक्त एवढीच अट घातली, की सासूबाईंच्या वाढदिवसापर्यंत कापडाकडे बघायचं नाही. ती अट तिने पाळली. तिच्या जागी मी असतो तर पहिल्याच दुपारी बघून आलो असतो.

आता प्रश्न नमुन्याचा होता. साडूंचा गुंता वरवर कसाही दिसला तरी त्यात काहीतरी शिस्त असणार आणि ती मला धागा न धागा उतरवायची होती. त्यासाठी सासूबाईंकडे जाणं भाग होतं. मी जायला लागलो. कधी औषध, कधी फळं, कधी नुसताच 'इथून चाललो होतो'. त्या चहा करायला आत गेल्या की मी मोबाईल काढून टेबलावर वाकायचो आणि फोटो घ्यायचो. धाकट्या जावयाला आपला एवढा लळा लागलाय हे बघून सासूबाई भारावून गेल्या. एकदा मात्र त्या कप घेऊन परत आल्या तेव्हा माझं नाक रनरला टेकलेलं होतं. मी चष्मा शोधत होतो असं सांगितलं. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. रात्री त्यांनी मुलीला फोन करून जावयांचे डोळे आणि जमल्यास डोकंही दाखवून घ्यायला सांगितलं.

एकेक फोटो मोठा करून मी विणायला बसलो. कुठला रंगीत धागा किती उभ्या धाग्यांवरून जातो, कुठे बुडतो, कुठे लोंबतो, सगळं तसंच्या तसं. साडूंच्या कापडावर टोक वर आलेलं असेल तर माझंही टोक वर, आणि लांबीही तेवढीच. इंजिनियर अधूनमधून तपासणीला यायचे. ही टोकं कापून टाका, काम स्वच्छ दिसेल, असा सल्ला त्यांनी दिला. मी त्यांच्याकडे कीव करून पाहिलं आणि कलेत ती टोकंच महत्त्वाची असतात असं सांगितलं. पूल बांधणाऱ्याला यातलं काय कळणार? त्या बिचाऱ्यांनी पुन्हा ताण तपासला.

या मागाची एक गंमत अशी की विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळलं जातं. आपल्यासमोर वीतभर तुकडा असतो, बाकी सगळं पोटात. खालची बाजू तर दिसतच नाही. म्हणून विणणाऱ्याला स्वतःवर विश्वास लागतो. माझा स्वतःवर कधीच नव्हता, पण साडूंवर होता.

विणता विणता माझ्या हाताला एक वळण लागलं. ताईंचा फोन आला आणि बायको बाहेरच्या खोलीत 'हो का, भावजींनी हेही केलं?' असं म्हणाली की इकडे फणी जोरात आपटायची. अशा दिवशी धागे इतके घट्ट बसायचे की पट्टीसुद्धा आत शिरेना. साडू आठवडाभर परगावी गेले तेव्हा माझं कापड सैल आणि प्रसन्न झालं. परत आल्यावर त्यांनी मला आपणहून फोन केला. मीही विणतो हे त्यांना कळलं होतं. काही अडलं तर मोकळेपणाने विचारा, सुरुवातीला मलाही फार त्रास झाला, असं ते म्हणाले. इतका चांगला बोलणारा माणूस किती सहन करायचा? मी आभार मानले आणि आत जाऊन असा ठोका मारला की खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला काठी ठोकली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी कापड मागावरून कापलं आणि वरची बाजू वरच ठेवून, न उलगडता, तसंच गुंडाळून पिशवीत घातलं. बायकोने चांगली साडी काढली होती. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती पिशवी तिने स्वतःच्या मांडीवर घेतली. मला दिली नाही.

सासूबाईंकडे साडू आणि ताई आधीच आले होते. मी दारातून आत गेलो, टेबलाकडे पाहिलं आणि चप्पल काढायची विसरलो. टेबलावर फुलं होती. खरी, म्हणजे विणलेली, पण खरीच. लाल पाकळ्या, मध्ये पिवळा ठिपका, काठाकाठाने नाजूक पानं. एकही गाठ नाही, एकही मिशी नाही. हा कुठला रनर, असं मी ताईंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, तोच की, ह्यांनी विणलेला.

पिशवी तेवढी घरी विसरली असं सांगून टाकावं असं मी ठरवलं. ती बायकोच्या हातात होती. मी तिला खूण केली, तिने ती पाहिली नाही. ती आईसमोर उभी राहिली, तिने एकदा ताईंकडे आणि एकदा साडूंकडे बघितलं आणि ज्या सुरासाठी मी इतके महिने झिजत होतो त्या सुरात म्हणाली, "आई, हे आमच्या ह्यांनी विणलंय. स्वतःच्या हाताने." आणि तिने कापड उलगडलं.

गाठी, लोंबते धागे, मिशा. सगळं अगदी साडूंच्या मापाने. ताई म्हणाल्या की वेगळंच आहे काहीतरी. सासूबाईंनी हात फिरवून बघितला आणि जाड आहे, दाराशी पाय पुसायला बरं पडेल, असं मनापासून कौतुक केलं. बायको माझ्याकडे बघत नव्हती. तिचे कान लाल झाले होते. साडूंचं मला काही वाटलं नाही, पण तिचे ते कान मला बघवेनात.

तेवढ्यात साडूंनी, रोग्याचा गाल उचलून आत बघावं तसा, कापडाचा एक कोपरा उचलला. मग त्यांनी अख्खं कापड धरून उलटं केलं.

खाली फुलं होती. लाल पाकळ्या, पिवळा ठिपका, काठाने पानं. टेबलावरच्या फुलांची जुळी भावंडं. ज्या दिवशी साडूंचा फोन आला होता त्या दिवशीची एक रांग चपटी होती, बाकी सगळी उमललेली. इतके महिने मी वरच्या बाजूने गुंता करत होतो आणि खालच्या बाजूने माझ्या नकळत बाग फुलत होती.

आधी सासूबाईंना उमगलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, मी तो रनर उलटा घालून ठेवते ना. चांगली बाजू मळू नये म्हणून. कोणी पाहुणे यायचे असले की सुलटा करते." मग माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही काय, घरचेच." मी घरचा आहे म्हणून मला उलटी बाजू, आणि साडू आले की सुलटी. हा मान की अपमान, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही आणि माझा तर तोच धंदा आहे.

मग सगळ्यांच्याच डोक्यात प्रकाश पडला. फळं, औषधं, नाक टेकवून चष्मा शोधणं. ताई हसायला लागल्या, सासूबाई हसायला लागल्या, बायकोनेही तोंडाला पदर लावला. मी साडूंकडे पाहिलं. ते हसले असते तर मला फार बरं वाटलं असतं, निदान त्यांच्यात एक तरी दोष निघाला असता. पण साडू हसले नाहीत. ते सगळ्यांना गंभीरपणे म्हणाले, "हसू नका. मला सुलटी बाजू समोर ठेवून तीनदा उसवावं लागलं. ह्यांनी नुसती उलटी बघून केलंय. हे मला जमलं नसतं." आणि त्यांनी स्वतःचा रनर गुंडाळून बाजूला ठेवला आणि माझा टेबलावर पसरला, सुलटा, चपटी रांग सासूबाईंच्या बाजूला येणार नाही अशा बेताने. याहून मोठा पराभव मी पाहिलेला नाही. मी जिंकलो, तेही साडूंनी जिंकवलं म्हणून.

परत येताना बस रिकामी होती. बायको खिडकीशी बसली होती, मी तिच्याशेजारी. मग ती बाहेर बघत हळूच म्हणाली, "खरं सांगू? मला तुमचंच जास्त आवडलं."

हेच ते वाक्य. यासाठी मी सेक्रेटरींना पाडलं होतं, सासूबाईंच्या टेबलावर नाक घासलं होतं. आता मी फक्त गप्प बसायचं होतं. जमलंच तर तिचा हात हातात घ्यायचा होता. तिने तो सीटवर तसा ठेवलाही होता.

मी विचारलं, "जास्त म्हणजे किती?"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, सीटवरचा हात उचलून मांडीवर घेतला आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. आपण काय करून बसलो ते मला कळलं. मी मुकाट्याने पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिलो. दोन स्टॉप गेले. तिसऱ्याला मला राहवेना.

"नाही, म्हणजे थोडंसं जास्त, की बरंच?"